व्हॅक्युम गेज : सात महिने वापरल्यानंतर (अ‍ॅम्बेसेडर, 1489 सीसी पेट्रोल)

मे महिन्यात वडिलांची अ‍ॅम्बेसेडर वर्धा रोडवर त्रास द्यायला लागली. खापरी मागे पडली, साठचा वेग धरला, की झटके सुरू. नागपूरचा मे, पारा 45 च्या आसपास, जो तो म्हणे, "भाऊ, पाइपात पेट्रोलची वाफ धरते." गाडीच्या इंधन पंपावर ओलं फडकं गुंडाळून बुटीबोरीपर्यंत जाऊन आलो. काही फरक नाही. मग कार्बोरेटर दोनदा उघडला, जेट (पेट्रोलची बारीक छिद्रं) साफ केले, फिल्टर बदलला. पाऊस लागला, हवा गार झाली, तरी झटके तसेच. गॅरेजात उभी असताना मात्र गाडी एकदम छान चालायची, त्यामुळे कोणाला दाखवायची तरी काय?

जूनअखेरीस साडेसातशे रुपयांचा व्हॅक्युम गेज घेतला, म्हणजे इंजिन आत हवा ओढतं ती ओढ मोजणारा काटा. इनटेक मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरपासून इंजिनात मिश्रण नेणाऱ्या भागाच्या) पाइपात टी-आकाराचा जोड बसवून लांब नळीने तो डॅशबोर्डवर आणला. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, काटा 18 इंचांवर (पाऱ्याचे इंच) स्थिर. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटर उंच, पुस्तकातले आकडे समुद्रसपाटीचे, म्हणजे त्यातून एक इंच वजा धरायचा. तेव्हा 18 म्हणजे इंजिनाची तब्येत चांगली.

खरी गोष्ट रस्त्यावर कळली. काटा 12 ते 15 च्या मध्ये असला, म्हणजे ॲक्सिलेटर हलका आणि वेग स्थिर, तेव्हाच झटके. पूर्ण दाबला, काटा 2-3 वर आला, की गाडी तक्रार न करता पळते. पेट्रोल कमी पडत असतं तर पूर्ण दाबल्यावर हाल वाढायला हवे होते. हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ असेल म्हणून चालत्या गाडीत पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा चोक थोडा ओढून पाहिला, तसेच झटके.

मग डिस्ट्रिब्युटरकडे (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाकडे) जाणारी व्हॅक्युमची बारीक नळी काढली, कार्बोरेटरकडचं तोंड बंद केलं आणि पुन्हा बुटीबोरी. एकही झटका नाही! त्या क्षणी किती हायसं वाटलं ते सांगता येत नाही.

ती नळी थ्रॉटलच्या (ॲक्सिलेटरने उघडणाऱ्या झडपेच्या) पडद्याच्या किंचित वरून निघते, म्हणून आयडलला तिच्यात ओढ नसते. थ्रॉटल थोडा उघडला की ओढ येते आणि डिस्ट्रिब्युटरमधली पॉइंटची (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांची) प्लेट फिरते. प्लेटसोबत पॉइंटची बारीक तारही वाकते. आमची तार वर्षानुवर्षं वाकून आवरणाच्या आत तुटली होती, बाहेरून धडधाकट दिसत होती. प्लेट फिरली की टोकं सुटायची, ठिणगी जायची. नवी मऊ तार टाकली, पॉइंटचा गॅप 15 थाऊ (इंचाचे हजारावे भाग) केला, नळी परत जोडली. त्यानंतर रामटेकला तीनदा जाऊन आलो, मनसरपर्यंतच्या लांब पट्ट्यातही गाडी कुठे अडखळली नाही.

गेज अजून कामात आहे. नोव्हेंबरमध्ये आयडलचा काटा 15 वर उतरला, तेव्हा कार्बोरेटरखालचं गॅस्केट हवा घेत होतं. मिक्स्चरचा स्क्रूही आता काटा सगळ्यात वर जाईल तिथे ठेवतो; कानावर विसंबण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

उणीव नळीची. सोबत आलेली रबरी नळी बॉनेटखालच्या उष्णतेत चार महिन्यांत कडक होऊन टोकाला चिरली. जाड भिंतीची नळी आधीच घेऊन ठेवा, नाहीतर गळक्या नळीचा आकडा इंजिनाच्या माथी मारून बसाल.