सेंटरला जाऊन डायलिसिस की घरीच पोटाचं?

आपल्याकडे डायलिसिस म्हटलं की हिमोडायलिसिसच (किडनीचं काम मशीन करतं, रक्त बाहेर काढून साफ करून परत सोडतं), आठवड्यातून 2-3 वेळा सेंटरला जायचं, 4 तास मशीनला पडून राहायचं. 2016 पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात गरिबांना ते फुकट मिळतं, हे मोठंच काम झालंय, पण गावातनं एसटीने येणाऱ्याची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही बुडते, तो हिशोब कोण धरतं?

पोटाचं डायलिसिस, म्हणजे सीएपीडी, घरीच होतं, रक्त पोटातल्या पोटातच साफ होतं. पोटात नळी बसवतात, साधारण 2 लिटर फ्लुइड सोडायचं, ते रक्तातली घाण ओढून घेतं, काही तासांनी काढून नवीन भरायचं, असं दिवसातून 3-4 वेळा. मशीन नाही, लाईट गेली तरी चालतं (आपल्याकडे हा मुद्दा लहान नाही!). पण रोजचं आहे, सुट्टी नाही, हात धुण्यात हयगय केली तर पोटात इन्फेक्शन, आणि फ्लुइडच्या बॅगांची खोकी ठेवायला जागा पण पाहिजे.

थायलंडने 2008 मध्येच सरकारी खर्चात पोटाचं डायलिसिस पहिला पर्याय म्हणून ठेवलं, आपल्याकडे केंद्राच्या त्यासाठीच्या गाइडलाइन्स 2019 ला आल्या. मला विचाराल तर लांबच्या गावातल्या पेशंटला सीएपीडीच बरं, फक्त बॅगांचा पैसा सरकारने दर महिन्याला वेळेवर द्यायला हवा, बॅगा आल्या नाहीत की तो परत सेंटरच्या रांगेत.