गावासाठी काय करावं: तीन दिवसांचा कला महोत्सव की रविवारचा वर्ग?

पुण्यात राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळांत दिवाळीच्या आसपास हा विषय निघतोच. बाजारपेठेचं गाव ओस पडत चाललंय, निम्म्या गाळ्यांना कुलपं, पोरं चाकणला नाहीतर हिंजवडीला. वर्गणी थोडीफार जमलीये, तर आता काय करायचं? एक गट म्हणतो, चित्रकार बोलवू, भिंती रंगवू, तीन दिवस दणक्यात महोत्सव करू. दुसरा म्हणतो, जुन्या चावडीत दर रविवारी शिकणं-शिकवणं सुरू करू. आमच्या मंडळानं आधी महोत्सव केला, मग वर्ग. एकाच गावाचा अनुभव आहे, तेव्हा तुमच्याकडे वेगळंही घडू शकतं.

महोत्सवाची बाजू आधी सांगतो, कारण ती खरोखरच देखणी आहे. तीन दिवसांत आठ भिंती रंगल्या. कोथरूड-वारज्यातून गाड्या आल्या, माहेरवाशिणी लेकरांना घेऊन आल्या, स्टँडवरच्या वडेवाल्याला दुपारीच तेल संपल्याचं सांगावं लागलं. शिवाय देणगीदाराला दाखवायला फोटो मिळतात, आणि ही बाब किरकोळ समजू नका. रविवारच्या वर्गाचा फोटो काय काढणार? चावडीत बसलेली अकरा माणसं आणि मागं ग्रामपंचायतीचं गंजलेलं कपाट.

या बाजूनं बोलणारा हमखास जपानचा दाखला देतो. निईगाता प्रांतातल्या एचिगो-त्सुमारी भागात 2000 पासून साधारण दर तीन वर्षांनी कला महोत्सव भरतो. सुमारे 760 चौरस किलोमीटरचा डोंगराळ, बर्फाळ मुलूख. तरुण शहरांत गेलेले, घरं रिकामी, शाळा बंद. त्याच घरांत, शाळांत आणि भाताच्या खाचरांत कलाकृती उभ्या राहिल्या. दाखला खोटा नाही, पण अर्धाच सांगितला जातो. महोत्सव उभा करणाऱ्या फ्राम कितागावांना सुरुवातीला स्थानिकांचा चांगलाच विरोध झाला होता आणि पहिल्या खेपेआधी काही वर्षं बैठकांतच गेली. दुसऱ्याच्या खाचरात काही उभं करायचं तर मालकाच्या ओट्यावर जाऊन बसावंच लागतं. त्या बसण्यातून म्हातारे शेतकरी कामाला हात लावू लागले. आम्ही जपानकडून महोत्सव तेवढा उचलला, बैठका तिथंच ठेवल्या.

आता त्या निळ्या रंगाबद्दल.

शाळेच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर नदी आणि वर मोठं निळं आभाळ काढलं होतं. सगळ्यांत सुंदर भिंत तीच. पहिल्याच पावसाळ्यात झडीनं ओल चढली आणि खालच्या पट्ट्याचे पोपडे निघाले. मुख्याध्यापकांचा फोन आला, ‘जरा दुरुस्त करून द्या, पोरं नखानं खरवडतायत.’ मी पुण्यात रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, नंबर काय? चित्रकाराला फोन केला. भला माणूस, पण म्हणाला, ‘जागेवरच डोळ्यांच्या अंदाजानं मिसळला होता.’ उरलेले डबे त्याच दिवशी टेम्पोतून परत गेले होते. शेड-कार्ड बघून तीन निळे आणले. तिन्ही ठिगळासारखे दिसले.

मग गावातल्या पेंटरकडे गेलो. पाट्या, ट्रॉलीच्या मागची अक्षरं, निवडणुकीच्या भिंती, सगळं तोच करतो. महोत्सवात आम्ही त्याला भिंती घासायला आणि शिडी धरायला लावलं होतं. ब्रश काही हातात दिला नव्हता. त्यानं चहा पाजला आणि म्हणाला, ‘दादा, हात त्यांचा आहे, त्यात माझा ब्रश कशाला? आणि त्या भिंतीला खालून तीन फूट ओल येते. विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं.’

पुढं दोन वर्षं गावात शिरलो की आधी ते पोपडे दिसायचे. माझ्यापुरता निकाल तिथंच लागला. चित्र खराब झालं याचं फार वाईट वाटलं नाही. चित्र जाण्यासाठीच असतं, असं मानणारी माणसं आपल्याच राज्यात आहेत. वारली घरांत लग्नाच्या वेळी सवाशिणी गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढतात. तो उडाला म्हणून कुणी अडून बसत नाही, पुढच्या लग्नात नवा निघतो, कारण काढणारा हात घरातच असतो. (आणि आपण मात्र तोच वारली नाच पुणे जिल्ह्यातल्या दिसेल त्या सार्वजनिक भिंतीवर ऑइल पेंटनं चिकटवत सुटलोय. असो.) आमच्या भिंतीचा हात टेम्पोत बसून गेला होता.

वर्ग सुरू केला तो थोडा ओशाळून, त्या पेंटरलाच पहिला गुरुजी करून. तो अक्षरलेखन शिकवतो. एक निवृत्त तलाठी मोडी वाचायला शिकवतात, आणि गर्दी खरी तिथं होते, कारण पणजोबांच्या वेळचे जमिनीचे कागद प्रत्येकाच्या ट्रंकेत आहेत आणि वाचता एकालाही येत नाहीत. वाकळ शिवणाऱ्या बाया आल्या त्या वेळ अकराऐवजी दुपारी तीनची केल्यावर. अकराला भाकऱ्या सोडून कोण येणार, हे आम्हा पुणेकरांना सहा रविवारांनी कळलं. आज शिकवणारा पुढच्या रविवारी दुसऱ्यासमोर शिकायला बसतो, एवढा एकच नियम. यात आमचं नवं काही नाही. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी 1983 पासून काम करत शिकणं रुजवलं, तेही गावाच्या गरजेचं काम. आमचं त्यामानानं फारच घरगुती.

वर्गाचे वैताग आहेतच. भातलावणीत चावडी रिकामी. सप्ताह बसला की तो रविवार गेला. आणि किल्ली! ती शिपायाकडे असते आणि शिपाई शेतावर. पण हे वैताग गावातल्या गावात मिटतात, त्यासाठी मला स्वारगेटहून एसटी पकडावी लागत नाही.

दोन्हींच्या मधलं काही हवं असेल तर भिलार बघून या. पाचगणीजवळचं हे ‘पुस्तकांचं गाव’ 4 मे 2017 ला सुरू झालं, तेव्हा 25 ठिकाणी पुस्तकं ठेवली होती. चित्रकारांनी भिंतीही रंगवल्या. पण मला भावलं ते हे की बरीच पुस्तकं लोकांच्या राहत्या घरांत आहेत. दार कुणीतरी उघडतं, बसा म्हणतं. अर्थात तिथं सरकार पाठीशी होतं आणि महाबळेश्वरचा पर्यटक दारावरून जातो. आमच्या रस्त्यानं फक्त दुधाचा टँकर जातो.

तुमचं गाव वर्षानुवर्षं एकत्रच आलं नसेल, भावकीत बोलणं बंद असेल, तर महोत्सव वाईट नाही. माणसं एका मांडवात येतात, तेवढ्यासाठी खर्च वाजवी वाटू शकतो. मात्र पहिली बैठक गावातल्या पेंटरच्या ओट्यावर घ्या आणि डबे परत नेऊ देऊ नका. एरवी मला विचाराल तर वर्गाला वर्षभर द्या, भिंतींचं नंतर बघता येईल.

आमची ती भिंत गेल्या दिवाळीत वर्गातल्या पोरांनी पेंटरच्या हाताखाली पुन्हा केली. खालचे तीन फूट नुसता काळा पट्टा, वर आभाळ. पहिल्याइतकं देखणं नाही, बगळे जरा बदकांवर गेलेत. कोपऱ्यात पेंटरनं बारीक अक्षरांत निळ्याचा नंबर लिहून ठेवलाय.

वर्ग बघायला यायचं असेल तर तीननंतर या. त्याआधी किल्ली शेतावर असते.