पुंगळ्या साफ करण्यासाठी टंबलर कोरडा घ्यावा की ओला?

अमेरिकेत नेमबाजीच्या छंदातून घरीच काडतुसे भरण्याकडे वळलेल्या माणसाने प्रेस (काडतूस भरण्याचे दाबयंत्र) आणि डाय (त्यात बसवायचा, पुंगळीला आकार देणारा साचा) घेतले की पुढचा खर्च असतो झाडलेल्या पितळी पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी कवचे, साफ करण्याच्या यंत्राचा. मक्याच्या कणसाची भरड घालून थरथरणारा कोरडा टंबलर घ्यावा, की पाणी आणि स्टीलच्या बारीक पिना घालून फिरणारा ओला, असा हा पेच आहे. मी दोन्ही वापरले आहेत आणि माझ्याकडे .२२३ रेमिंग्टन या रायफलच्या काडतुसाच्या, तोंडाशी निमुळती मान असलेल्या पुंगळ्या सर्वांत जास्त असतात. पुढील मत त्या अनुभवावर बेतलेले आहे, हे लक्षात ठेवावे.

चकाकीचाच विचार केला, तर ओल्या पद्धतीला तोड नाही. भांडी घासण्याच्या साबणाचे थोडे थेंब आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल एवढ्यावर पुंगळी आतून-बाहेरून नव्यासारखी होते, आणि प्रायमर (पुंगळीच्या बुडाशी बसणारी, दारू पेटवणारी टोपी) आधीच काढलेले असल्यास त्याचा खळगाही लख्ख निघतो. आम्ल मात्र बेतानेच घालावे. ते जास्त झाले किंवा पुंगळ्या त्यात फार वेळ राहिल्या, तर पितळेतील जस्त वरच्या थरातून निघून जाते आणि धातूवर गुलाबी झाक येते.

माझा निर्णय झाला तो पिनांमुळे. सामान्यतः मिळणारी पिन साधारण साडेसहा मिलिमीटर लांब असते आणि .२२३ च्या मानेची आतली रुंदी त्याहून थोडी कमी भरते, त्यामुळे एखादी पिन मानेत तिरपी अडकली की ती नुसती हलवून पडत नाही, चिमट्याने ओढून काढावी लागते. चुंबकाने पिना गोळा केल्या, पुंगळ्या चाळणीत उलट्यासुलट्या केल्या, तरीही दिव्यासमोर धरून प्रत्येक पुंगळीत डोकावणे मला कधीच टाळता आले नाही. आत राहिलेली पिन भरलेल्या काडतुसात जाणार आणि तिथून बंदुकीच्या नळीत, ही शक्यता मनात असताना दहांतली एक पुंगळी तपासून बाकीच्या सोडून देणे मला पटत नाही. त्यात पुंगळ्या पूर्ण वाळण्याची वाट पाहावी लागते, कारण आत ओल राहिली तर बंदुकीची दारू खराब होते.

कोरड्या पद्धतीत हे काही नाही. प्रायमर न काढताच पुंगळ्या टंबलरमध्ये घातल्या, तर भरडीचे कण प्रायमरच्या छिद्रात अडकण्याचा प्रश्नच उरत नाही. यंत्र सुरू करून दुसरे काम करावे आणि नंतर पुंगळ्या चाळून घ्याव्यात. चमक थोडी कमी येते आणि खळग्यातील काजळी तशीच राहते, पण डायला ओरखडे पाडणारी माती आणि कचकच निघून जाते, आणि साफसफाईचा खरा हेतू तोच आहे. मानेच्या आत काजळीचा पातळ थर उरल्याने गोळी बसवतानाही हाताला सरळ, एकसारखा दाब जाणवतो. ओल्या धुण्यानंतर तीच मान मला कोरडी आणि खरखरीत लागते.

कोरड्या पद्धतीचा खरा दोष आहे धूळ, आणि तो मी हलका मानत नाही. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचे संयुग असते आणि ते भरडीत उतरते. म्हणून यंत्र घराबाहेर, झाकण लावून चालवावे, धूळ धरण्यासाठी वापरलेल्या ड्रायर शीटचे (कपडे वाळवण्याच्या यंत्रात टाकायच्या पातळ कापडी पट्ट्यांचे) तुकडे आत टाकावेत, चाळताना मास्क लावावा आणि लहान मुलांना त्या जागेपासून लांब ठेवावे. घराबाहेर जागाच नसेल, तर माझ्या मताकडे दुर्लक्ष करून ओली पद्धतच निवडावी.

भरडीत घालायचे पॉलिश अमोनियारहित आहे, याची खात्री करून घ्यावी. ब्रिटिश फौजेची हिंदुस्थानातील पितळी काडतुसे पावसाळ्यात तडकत असत. ती तबेल्यांत ठेवलेली असत आणि घोड्यांच्या मूत्रातील अमोनिया त्याला कारणीभूत होता, हा उलगडा १९२१ साली झाला. पितळेचा हा स्वभाव आजही तोच आहे.

केवळ ९ मिमी किंवा .४५ या पिस्तुलाच्या काडतुसांच्या सरळ पुंगळ्या भरणाऱ्यांना पिनांचा एवढा जाच होणार नाही, आणि त्यांनी ओला टंबलर घेतला तर मी त्यांना अडवणार नाही. मात्र निमुळत्या मानेच्या .२२३ च्या पुंगळ्या जास्त असतील आणि बाहेर यंत्र ठेवायला आडोसा असेल, तर आधी कोरडा टंबलर घ्यावा आणि ओल्याचा खर्च पुढे ढकलावा, असे मी सुचवीन.