इलेक्ट्रॉनिक तंबोरा: न गाणाऱ्या माणसाचे आठ महिने

आधीच सांगतो, मला गाता येत नाही. घरात कोणी शिकतही नाही. तरी तंबोरा आणि तबला एकत्र असलेली इलेक्ट्रॉनिक पेटी घेतली, साडेसात हजारांना. दुकानदाराने विचारलं, "मुलीसाठी का?" मी हो म्हणून मोकळा झालो.

कारण होती आत्या. वीसेक वर्षं ख्याल ऐकतोय, डिसेंबरात पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला जाऊन भारतीय बैठकीत मांडी घालून बसलोय, शेजारचा "वाह" म्हणाला की अर्ध्या सेकंदाने मीही म्हणालोय. आत्या रीतसर शिकलेली. एकदा गाणं चालू असताना तिने विचारलं, "सा कुठाय ते तरी कळतंय का रे तुला?" सा म्हणजे ज्याच्या आधाराने बाकीचे स्वर लागतात तो पायाचा स्वर. मला तो चक्क कळत नव्हता.

म्हणून पहिले दोन महिने एकच उद्योग केला. रेकॉर्डिंग लावायचं आणि पेटीचा सूर त्यातल्या तंबोऱ्याला मिळवायचा. ऐकायला सोपं वाटतं. सूर किती उंच ते हार्मोनियमच्या पट्टीवरून सांगतात: पुरुष गायक असेल तर काळी एकच्या आसपास, बाई असेल तर काळी चारच्या आसपास शोधायला सुरुवात करतो. जवळ आलं की दोन सुरांमध्ये घुंवघुंव अशा लाटा उठतात. बारीक सुराचं बटण फिरवत गेलं की लाटा संथ होतात आणि एका क्षणी थांबतात. तो क्षण पहिल्यांदा सापडायला मला चाळीस मिनिटं लागली, आता दोन-तीन पुरतात. जुन्या तबकड्यांवरून उतरवलेली रेकॉर्डिंग्ज बऱ्याचदा दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी असतात, तबकडी फिरण्याचा वेग जरा इकडेतिकडे झाला की सूर हलतोच. त्यामुळे बारीक सुराचं बटण नसलेली पेटी या कामाला निरुपयोगी.

सा पक्का बसल्यावर बाकीचं आपोआप दिसायला लागलं असं म्हणणार होतो, पण तसं झालं नाही. झालं इतकंच, की गायक सा सोडून लांब गेला की पोटात कळायला लागलं. मालकंस रागाच्या वेळी पेटीतल्या तंबोऱ्याची पहिली तार सवयीने पंचमावरच ठेवली होती. मिनिटभर काहीतरी खुपत राहिलं. मालकंसात पंचम वर्ज्य, तंबोरा मध्यमावर लावतात, हे मी शंभर वेळा वाचलेलं होतं. ते कानाने कळलं त्या संध्याकाळी. मारव्याला निषादावर लावून पाहा, सगळी खोलीच तिरकी झाल्यासारखी वाटते.

आता तबल्याचा भाग, जिथे मी सगळ्यात जास्त आपटलो. विलंबित, म्हणजे संथ, एकताल म्हणजे बारा मात्रा (मोजायचे ठोके), पण एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची. तालाची एक फेरी, म्हणजे आवर्तन, मिनिटाच्या घरात जातं. मी "धागे तिरकिट" ऐकलं की सम (फेरीची पहिली मात्रा) आली म्हणून सरसावून बसायचो आणि तोंडावर पडायचो. कारण धागे तिरकिट दोनदा येतं: तिसऱ्या-चौथ्या मात्रेला आणि नवव्या-दहाव्या मात्रेला. पहिल्याच्या मागून "तू ना" येतं, दुसऱ्याच्या मागून "धी ना" आणि मग सम. हा फरक पेटीवर ठेका एकटाच लावून, गाण्याशिवाय, आठवडाभर ऐकला तेव्हा कानात बसला. (बायकोने त्या आठवड्यात टीव्हीचा आवाज वाढवला, तो तिचा हक्कच होता.)

नव्याने सुरुवात करणाऱ्याने किराणा घराण्याच्या संथ एकतालाच्या वाटेला लगेच जाऊ नये. जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक मल्लिकार्जुन मन्सूर लावा. त्या घराण्याची लय बहुधा मध्य-विलंबित, तीनतालाच्या सोळा मात्रा बोटांवर मावतात, मुखडा (बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा) सारखा परत येतो. समेवर बंदिशीचं कुठलं अक्षर पडतंय एवढंच धरा. तेही एकच रेकॉर्डिंग महिनाभर.

पेटीच्या तक्रारी आहेत. खर्ज (सर्वांत खालचा सा) मोठा केला की स्पीकर पत्र्यासारखा वाजतो. वीज गेली की लावलेला सूर विसरते. पाचव्या महिन्यात आवाजाचं बटण खरखरायला लागलं, कंपनीला फोन केला तर "हेडफोन लावून बघा" असं उत्तर मिळालं. आणि तबला अर्थातच निर्जीव. खरा तबलजी मात्रांमधल्या जागा भरतो, हा नुसता ठोके मोजतो. पण शिकाऊ कानाला तेच बरं पडलं.

मोठी उणीव वेगळीच. आत्याकडे मिरजेचा तंबोरा आहे. तो छेडून तिने म्हटलं, "गंधार ऐक." गंधाराला तार लावलेलीच नसते. खर्जाच्या तारेत मूळ कंपनाच्या पाचपट वेगाचा जो अंश असतो तोच तो स्वयंभू गंधार, आणि जवारी (घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जुळवलेला झणकार) नीट लागलेली असेल तर तो वर तरंगत येतो. मला ऐकू आला! घरी येऊन पेटीजवळ कान नेला. तिथे होता की मी मनाने घालत होतो, सांगता येत नाही.

फुशारकी नको म्हणून हेही लिहितो. गेल्या महिन्यात रेकॉर्डिंग ऐकून ऐटीत "भूप" म्हणालो. आत्या हसली. देशकार होता. पाचही स्वर तेच, पण भूप गंधारावर विसावतो आणि देशकार धैवतावर. मी स्वर ओळखले होते, गायक कुठे थांबतोय ते ऐकलंच नव्हतं. सध्या पेटी लावून तेवढंच करतोय: गायक थांबला की आपणही तो सूर हलक्या आवाजात धरायचा आणि तो ‘सा’पासून किती दूर आहे ते पाहायचं.

फोनवर फुकट ॲप आहेत, तीही चालतील. पण त्याच फोनवर गाणं आणि तंबोरा दोन्ही लावायला गेलात तर एक दुसऱ्याला बंद पाडू शकतं, माझ्या फोनवर तसंच व्हायचं. पेटीच घ्यायची असेल तर फोनमध्ये एखादं जुनं रेकॉर्डिंग घेऊन दुकानात जा आणि तिथेच सूर मिळवून बघा. पहिली तार पंचम, मध्यम आणि निषाद तिन्हींवर लागते ना, तेही तपासा. दुकानदाराने मुलीसाठी का विचारलं, तर खुशाल हो म्हणा.