मेंदूची गाठ: मोजक्या तपासण्या की मोठं जनुकीय पॅनेल?

ऑपरेशन झालेलं असतं, टाके निघायचे असतात, आणि नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या एखाद्या हॉस्पिटलात घरच्यांसमोर प्रश्न येतो: गाठीची जनुकीय तपासणी करायची का? खर्च कित्येक हजारांचा. काही जण 'काही कमी पडायला नको' म्हणून लगेच सही करतात. काही जण 'कॅन्सर आहे हे कळलंच, आता आणखी काय बघायचं' म्हणून नकार देतात. मला दोन्ही पटत नाही. रुग्णाचं वय किती, गाठ कुठे आहे आणि उत्तर आल्यावर उपचार बदलणार का, यावर या तपासणीचं मोल ठरतं.

जनुकीय तपासणी अजिबात नको, हा पर्याय आता राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली मेंदूच्या गाठींच्या वर्गीकरणात गाठीतल्या जनुकीय बदलांना स्थान दिलं आणि २०२१ च्या आवृत्तीत बहुतेक ग्लायोमांचं (मेंदूच्या आधारपेशींसारख्या पेशींच्या गाठींचं) पूर्ण निदान त्यांच्याशिवाय होत नाही. ठरवायचं आहे ते किती आणि कोणत्या क्रमाने.

सर्वात स्वस्त म्हणजे आयएचसी. गाठीच्या पातळ कापावर अँटीबॉडी टाकून रंग येतो का ते बघतात. ज्या प्रथिनांसाठी बघतात त्यांची नावं: आयडीएच१, एटीआरएक्स, पी५३, केआय-६७. साधारण आठवड्यात, काही हजारांत होतं. जोडीला गरजेप्रमाणे १पी/१९क्यू हे क्रोमोसोमचे दोन तुकडे गळालेत का ते बघणारी फिश चाचणी आणि एमजीएमटी या जनुकाची वेगळी तपासणी. दुसरा पर्याय एनजीएस पॅनेल: शेकडो जनुकांची अक्षरं एकदम वाचतात (यालाच सिक्वेन्सिंग म्हणतात), नमुना बहुधा बाहेरगावी जातो, दोन ते चार आठवडे लागतात. तिसरा मेथिलेशन प्रोफाइलिंग. डीएनएवरच्या रासायनिक खुणा संगणकातल्या हजारो ओळखीच्या गाठींशी ताडून बघतात. हायडेलबर्गच्या गटाने २०१८ साली ही पद्धत मांडली, तेव्हा सुमारे १२ टक्के रुग्णांचं निदान बदललं होतं. देशात ती मोजक्याच ठिकाणी होते.

आता सत्तरीतले आजोबा घ्या. एमआरआयमध्ये कडा उजळलेली, आतून मेलेली गाठ, बायोप्सीत ग्लायोब्लास्टोमा हा सर्वात आक्रमक ग्लायोमा, आयएचसीत आयडीएच१ निगेटिव्ह. ५५ वर्षांच्या पुढे असं चित्र असेल तर आयडीएचसाठी पुढचं सिक्वेन्सिंग लागत नाही. इथे मोठ्या पॅनेलवर पैसे घालू नका, एमजीएमटी करून घ्या. २००५ च्या मोठ्या चाचणीत एमजीएमटी मेथिलेटेड (रासायनिक खुणेने बंद झालेलं) असलेल्यांना शेकासोबत (रेडिएशन) टेमोझोलोमाइड या किमोच्या गोळ्या दिल्यावर मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण जितका काळ जगले तो) २१.७ महिने होतं, नुसत्या शेकावर १५.३. मेथिलेटेड नसलेल्यांना मिळालेला फायदा फार थोडा होता. तब्येत नाजूक असलेल्या वृद्धात हे उत्तर उपचार खरोखर बदलतं: मेथिलेटेड असेल तर नुसत्या गोळ्यांचा विचार होतो, नसेल तर नुसत्या शेकाचा, तोही सहाऐवजी तीन आठवड्यांचा. गडचिरोली-यवतमाळहून येऊन इथे खोली घेऊन राहणाऱ्या कुटुंबाला तीन आठवडे वाचणं ही लहान गोष्ट नाही. पन्नाशीतला धडधाकट रुग्ण असेल तर मात्र एमजीएमटी काहीही आलं तरी सहसा शेक आणि गोळ्या दोन्ही दिल्या जातात.

खरी काळजी घ्यायची ती तरुण रुग्णात. पस्तिशीतली बाई, अचानक फिट आली, गाठ ग्रेड २ सारखी, म्हणजे सौम्य दिसते (ग्रेड ४ सर्वात आक्रमक), आणि रिपोर्टवर एक ओळ: 'आयडीएच१ आर१३२एच निगेटिव्ह'. इथे थांबलात तर घोटाळा होऊ शकतो. ती अँटीबॉडी फक्त त्या एकाच बदलाला ओळखते. आयडीएच बदललेल्या ग्लायोमांपैकी दहात साधारण एकात बदल वेगळा असतो, तो तिला दिसत नाही. म्हणून सिक्वेन्सिंग हवंच. आयडीएच खरंच बदललेलं नसेल तर टर्ट प्रमोटर, ईजीएफआर (ही जनुकांची नावं) आणि ७ व १० क्रमांकाचे क्रोमोसोम बघावे लागतात, कारण त्यांत विशिष्ट बदल सापडला तर सौम्य दिसणारी तीच गाठ ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४ ठरते. उलट आयडीएच बदललेलं आणि १पी/१९क्यू दोन्ही गळालेलं निघालं, तर ती ऑलिगोडेंड्रोग्लिओमा, ग्लायोमाचाच वेगळा प्रकार. ग्रेड ३ च्या अशा रुग्णांत शेकासोबत पीसीव्ही ही तीन औषधांची किमो दिल्यावर मध्यम आयुर्मान १४.७ वर्षं होतं, नुसत्या शेकावर ७.३. शिवाय ऑपरेशननंतर ग्रेड २ गाठीसाठी व्होरासिडेनिब या गोळीला अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता मिळाली, आणि ती आयडीएचचा बदल सिद्ध झाल्याशिवाय देता येत नाही. अशा रुग्णासाठी पॅनेलचा खर्च मी योग्यच मानते.

पण पॅनेल घेण्याआधी एक नेमका प्रश्न विचारा: यात टर्ट प्रमोटर, सीडीकेएन२ए (हेही एक जनुक) आणि १पी/१९क्यू येतं का? फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी बेतलेली पॅनेलं मेंदूच्या गाठीलाही लावली जातात, आणि नेमकं हवं ते त्यात नसतं. एमजीएमटीही बहुतेक पॅनेलांत धरलेलं नसतं, ते वेगळं करावं लागतं.

लहान मुलांत मी हात आखडता घेऊच नका म्हणेन. मेडुलोब्लास्टोमा या मुलांच्या मेंदूतल्या गाठीचे चार गट आहेत आणि डब्ल्यूएनटी गटाच्या मुलांचं भवितव्य इतरांपेक्षा खूप चांगलं असतं. बीरॅफ या जनुकाचा बदल सापडला तर त्यावर थेट औषध आहे. निदान जुळत नसेल तर मेथिलेशन प्रोफाइलिंग इथे सर्वात उपयोगी पडतं.

गाठ परत आली असेल, तर पॅनेलकडून फार आशा ठेवू नका. एनटीआरके या जनुकाचा बदल किंवा बीरॅफसारखं औषध असलेलं लक्ष्य प्रौढांच्या ग्लायोब्लास्टोमात क्वचित सापडतं. सापडलं तर लाखमोलाचं, पण कर्ज काढून करायची ही तपासणी नव्हे. रक्तातून गाठीचं डीएनए शोधणारी चाचणी कुणी सुचवली तर गाठीच्या तुकड्याऐवजी ती करू नका. मेंदू आणि रक्त यांच्यातल्या अडथळ्यामुळे गाठीचं डीएनए रक्तात फार थोडं उतरतं.

उशिराची भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. जखम भरून शेक सुरू व्हायला तीन ते सहा आठवडे जातातच, तेवढ्यात रिपोर्ट येतो, फक्त नमुना पहिल्याच आठवड्यात निघायला हवा. महात्मा फुले योजनेत उपचार चालू असतील तर तपासणीतलं काय बसतं ते आरोग्यमित्राला आधीच विचारा. आणि तुकडा मेणात बसवलेला तो छोटा ब्लॉक तुमच्या रुग्णाचा आहे, मागितला तर मिळतो. मुंबईला टाटात दुसरं मत घ्यायचं असेल तर स्लाइड्ससोबत ब्लॉकही न्या, नुसत्या स्लाइड्सवर जनुकीय तपासणी बहुधा अडते. मात्र मे महिन्यात तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. ते मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं, आणि नागपूरच्या उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड तेवढा सहज तापतो.