शहाबादी फरशीवर सागवानी कपाटे : दीड वर्षाच्या वापरानंतर

लातूरमधील आमच्या स्वयंपाकघरात शहाबादी फरशी आहे. सासऱ्यांनी घर बांधताना बसवलेली ही फरशी चाळीस वर्षांच्या वावराने गुळगुळीत झाली आहे. जुन्या सनमायक्याच्या ट्रॉल्या काढून नवी कपाटे करायची ठरली, तेव्हा फरशी उखडायची नाही यावर घरात कोणाचेच दुमत नव्हते. त्यामुळे फरशीकडे पाहून लाकूड निवडायचे, असा उलटा प्रवास आम्हाला करावा लागला. कपाटे बसून आता दीड वर्ष झाले, दोन उन्हाळे होऊन गेले, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

आधी फरशीविषयी. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादच्या खाणींतून येणारा हा चुनखडक मराठवाड्यातील जुन्या घरांत सर्रास दिसतो. १९४८ पर्यंत तो भाग आणि आपला भाग एकाच हैदराबाद संस्थानात होता, आणि तेथून येथपर्यंतचे अंतरही फारसे नाही. कोरडी असताना ही फरशी फिकट राखाडी दिसते, आणि ओल्या फडक्याने पुसली की काही मिनिटे निळसर काळी होते. म्हणजे कपाटांचे लाकूड दररोज सकाळी दोन वेगवेगळ्या रंगांच्या फरशीशेजारी उभे राहणार असते. आम्ही हे वेळेवर ओळखले म्हणून बरे झाले, कारण वखारीत मातीच्या जमिनीवर ठेवून पाहिलेली फळी घरी आणल्यावर निराळीच दिसते.

आम्ही साग, शिसम, बाभूळ आणि आंबा या चार लाकडांचे वीतभर तुकडे आणले. मिस्त्रींनी ते रंधून दिले, प्रत्येकाच्या अर्ध्या भागाला जवसाचे तेल लावले आणि आम्ही ते ओट्याखाली फरशीवर महिनाभर उभे करून ठेवले. सकाळच्या उजेडात, संध्याकाळी दिव्याखाली, फरशी कोरडी असताना आणि ओली असताना, असे ते रोज डोळ्यांखालून जात राहिले. संपूर्ण कामात सर्वांत उपयोगी पडली ती हीच गोष्ट, आणि तिचा खर्च जवळजवळ शून्य होता. एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे: जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना त्या आतून तापतात आणि आपोआप पेटू शकतात. त्या पसरून उघड्यावर वाळवाव्यात.

आंब्याचे लाकूड स्वस्त असते आणि त्याचा फिकट रंग राखाडी फरशीवर वाईट दिसत नव्हता. पण तिसऱ्या आठवड्यात तुकड्याखाली पिठासारखा भुसा पडलेला दिसला. कीड लागू नये म्हणून योग्य प्रक्रिया केल्याशिवाय आंबा स्वयंपाकघरात आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाभळीने मला खरोखर मोहात पाडले. बैलगाडी आणि शेतीची अवजारे ज्या लाकडाची होत आली, ते आपल्या रानातले लाकूड घरात दिसावे, अशी मनापासून इच्छा होती. तेल लावल्यावर तिचा तांबूस तपकिरी रंग फरशीच्या निळसर छटेवर फार सुंदर उठून दिसला. पण मिस्त्रींनी तुकड्यात एक लोखंडी खिळा मारून तो मोरीजवळ ठेवला होता, आणि आठ दिवसांत खिळ्याभोवती रुपयाएवढा काळा डाग पडला. बाभळीच्या सालीने कातडे कमावतात ते तिच्यातील टॅनिनमुळे; हेच टॅनिन लाकडातही असते आणि ओलाव्यात लोखंडाशी संयोग पावून काळे पडते. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरले तर हा दोष टळतो. मात्र लाकूड इतके कठीण आहे की प्रत्येक स्क्रूसाठी आधी भोक पाडावे लागते, आणि सरळ, रुंद, पूर्ण वाळलेल्या फळ्या आम्हाला पुरेशा मिळाल्या नाहीत.

शिसमाची निवड सासूबाईंची होती. त्यांच्या माहेरच्या शिसवी पलंगाची आठवण त्यामागे होती. येथे नावाचा घोळ लक्षात घ्यावा. जुन्या घरांतील काळसर जांभळा शिसव म्हणजे दक्षिणेकडील डालबर्जिया लॅटिफोलिया, आणि आज बाजारात शिसम म्हणून मिळते ते बहुधा उत्तरेकडील डालबर्जिया सिसू. दोन्ही उत्तम लाकडे आहेत, पण रंग एक नाही. शिसमाच्या गडद रेषा कोरड्या फरशीवर शोभल्या. फरशी ओली झाली की मात्र खाली काळे, वर काळपट, आणि आमच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी असल्याने सगळा कोपरा अंधारून गेला. सासूबाईंनी स्वतःच तो तुकडा उचलून बाजूला ठेवला.

राहिला साग. पहिल्या दिवशी तो कोणालाच आवडला नव्हता, कारण नुकताच रंधलेला साग हिरवट पिवळा आणि डागाळलेला दिसतो. मिस्त्री म्हणाले, “ताई, हे त्याचं खरं रूप नव्हं. पंधरा दिवस उजेडात राहू द्या, मग बोला.” तसेच झाले. महिनाअखेर तो एकसारखा सोनेरी तपकिरी झाला आणि कोरड्या, ओल्या अशा दोन्ही फरशीवर सारखाच खुलला. थंड राखाडी दगडाशेजारी उबदार रंगाचे, मध्यम गडद लाकूड हवे, हे आम्हाला त्या तुकड्याने दाखवून दिले. फरशी क्रीम रंगाच्या व्हिट्रिफाइड टाइल्सची असती, तर मी कदाचित शिसमच निवडला असता, कारण पिवळसर जमिनीवर पिवळसर साग हरवून जातो. लाकडी रेषांच्या टाइल्स असतील तर तशाच छटेचे लाकूड टाळावे; जवळपास जुळणारे दोन रंग शेजारी आले की दोन्ही चुकल्यासारखे दिसतात.

खरेदीत मात्र आम्ही एकदा फसलो. पहिल्या वखारीतून आणलेल्या फळ्यांवर रंगीत पॉलिशचा हात होता. रंधा फिरताच आतून सालीजवळचा पांढरा, कच्चा भाग निघाला. सागाचा टिकाऊपणा त्याच्या गाभ्यात असतो, पांढऱ्या भागाला वाळवी सहज लागते. दुसऱ्या वखारीत आम्ही मिस्त्रींना सोबत नेले, प्रत्येक फळी समोर रंधून पाहिली आणि ओलावा मोजण्याचे यंत्र लावून बारा टक्क्यांच्या आतील मालच घेतला. तेथील मालकांनी कंटाळा न करता चाळीसएक फळ्या उलथून दाखवल्या, याबद्दल त्यांचे कौतुक केले पाहिजे. हिशेब घनफुटावर होतो: आठ फूट लांब, सहा इंच रुंद आणि एक इंच जाड फळी म्हणजे एक तृतीयांश घनफूट. रंधल्यावर एक इंचाची फळी पाऊण इंचच उरते, हे मोजमाप करताना धरावे.

कपाटांचा सांगाडा आयएस ७१० या भारतीय मानकाच्या मरीन प्लायचा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडचा आहे; साग फक्त दारांना आणि खणांच्या दर्शनी भागांना वापरला. खाली चार इंचांची कडप्प्याची बैठक असल्याने फरशी पुसतानाचे पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही. दारे चौकट आणि दिल्हा (चौकटीच्या मधली फळी) या जुन्या पद्धतीची आहेत. दिल्हा खाचेत सैल बसवलेला असतो, त्यामुळे आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तो आक्रसला आणि पावसाळ्यात फुगला तरी दार वाकत नाही.

येथेच कामातील एकमेव खरा दोष राहिला. दिल्ह्यांना तेल जोडणी झाल्यानंतर लावले गेले. मे महिन्यात ते आक्रसले, तेव्हा खाचेत दडलेली तेल न लागलेली कड बाहेर आली आणि सहा दारांवर दोऱ्याएवढी फिकट रेघ दिसू लागली. पावसाळ्यात ती नाहीशी झाली आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उमटली. तेव्हा बारीक कुंचल्याने तेथे तेल भरून घेतले. जोडणीपूर्वीच दिल्ह्याला चारही कडांपर्यंत तेल लावायला सांगावे. याखेरीज मोरीजवळचे एक दार जुलैमध्ये घासत होते, ते एकदा रंधून दिल्यावर पुन्हा तक्रार आली नाही.

तेलाचा हात वर्षातून एकदा द्यावा लागतो आणि हळदीचा हात लागला तर लगेच पुसावे लागते. ज्यांना एवढी देखभाल नको असेल त्यांनी मॅट पीयू (पॉलियुरेथेनचा बिनचमकीचा लेप) करून घ्यावे. रंगाची ऊब थोडी कमी होते, पण डाग पडत नाहीत. चिंच-लिंबाचे थेंब लाकडापेक्षा फरशीवरच अधिक जपावे लागतात, कारण आम्लाने चुनखडकाची चमक जाते.

ओट्यावरची कपाटे दिवाळीनंतर करायची आहेत. सागाचा रंग ओंडक्यागणिक बदलतो, म्हणून खालच्या दारांसाठी घेतलेल्याच मालातील अकरा फळ्या तेव्हाच जास्तीच्या आणून ठेवल्या होत्या. त्या माळ्यावर पट्ट्यांच्या आधाराने आडव्या रचल्या आहेत आणि दर दोन महिन्यांनी मिस्त्री येऊन त्या उलटवून जातात.