समुपदेशन सुरू करताना काय अपेक्षा ठेवावी : एका कोरडवाहू शेतकऱ्याचा काही महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षीच्या पेरणीपासून मी वर्धा जिल्ह्यातील एका सरकारी रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात समुपदेशनासाठी जात आहे. गोळ्या-औषधांविषयी गावात कुणीही चार गोष्टी सांगतो. परंतु समुपदेशनाच्या खोलीत नेमके काय होते, किती काळ लागतो आणि फरक पडतो तो कशात, हे सांगणारे मला कुणी भेटले नाही. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. माझी शेती कापूस आणि तुरीची. तक्रार होती ती झोप उडाल्याची, भूक मेल्याची आणि वावराकडे पाय वळेनासा झाल्याची. वडील गेल्यानंतरच्या हंगामात हे सुरू झाले आणि पुढे वाढतच गेले.

विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्य शासनाचा प्रेरणा प्रकल्प २०१५ पासून आहे. आमच्या आशाताईंनी त्याच निमित्ताने घरी चौकशी केली आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यास सांगितले. आई म्हणाली, "काहून रे बाबू, तू काही पागल झाला काय तिथं जाले?" पत्नीने मात्र त्याच आठवड्यात सोबत येऊन मला एसटीत बसवले.

पहिल्या भेटीत मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी तपासले. नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतली. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, एकाग्रता कशी होती याला प्रत्येकी ० ते ३ गुण, म्हणजे एकूण २७ पैकी. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि तिचा परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्तही लागतात, मध्येच मनाने बंद करायची नाही, हे बजावले. त्यानंतर समुपदेशक बाईंकडे पाठवले. त्यांनी आधी गोपनीयतेविषयी सांगितले : येथे बोललेले कुणालाही, घरच्यांनाही, परवानगीशिवाय कळणार नाही, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तो रुग्णाचा हक्क आहे, अपवाद मोजकेच, जसे जिवाला धोका असेल तेव्हा. मग त्यांनी सरळ विचारले, "भाऊ, जीव द्यावा असं मनात येतं का?" इतके दिवस जे कुणालाही सांगता आले नव्हते, ते या एका प्रश्नाने सांगता आले. असे विचारल्याने माणसाच्या डोक्यात नको तो विचार शिरतो, ही भीती आमच्याकडे सर्रास आहे आणि ती खरी नाही. पुढचा प्रश्न फवारणीच्या औषधांचा होता : डबे घरात कुठे असतात, कुणाच्या हाताशी असतात? त्याच संध्याकाळी माझ्या संमतीने ते सारे चुलतभावाकडे कुलपात गेले आणि फवारणीच्या दिवशी तोच घेऊन यायचा, असे ठरले. या एका व्यवस्थेचे मोल मला आज फार मोठे वाटते. कापसाच्या पट्ट्यात ज्यांच्या घरी कुणी खचलेले असेल, त्यांनी समुपदेशनाची वाट न पाहता हे आधी करावे.

त्यानंतरच्या काही भेटींनी माझी निराशा केली, हेही लिहिले पाहिजे. मला वाटले होते की शिकलेली व्यक्ती ऐकून घेईल आणि काय करावे ते सांगेल. बाई सांगत नव्हत्या. त्या विचारत होत्या. वडिलांविषयी बोलून घरी आल्यावर दोन-दोन दिवस आणखी जड जात. जुने उकरल्यावर सुरुवातीला असे होते, ते पुढच्या भेटीत सांगायचे असते, तेवढ्यावरून जाणे सोडायचे नसते, हे त्यांनी समजावले नसते तर मी तिथेच थांबलो असतो. माझ्या माहितीतले दोघे नेमके याच टप्प्यावर थांबले.

खरा फरक वहीने पडला. शंभर पानी साधी वही, तिच्यात रकाने : काय घडले, त्या वेळी मनात कोणता विचार आला, भावना कोणती आणि शंभरात किती. एक नोंद जशीच्या तशी देतो. घडले ते असे : वेचणीच्या बाया ठरवूनही आल्या नाहीत. विचार : "यंदाही सारे हातचे जाणार, लोक म्हणतील, बाप होता तोवर शेती होती." भावना : भीती ८५, शरम ९०. पुढच्या भेटीत बाईंनी त्या विचाराच्या बाजूने आणि विरुद्ध पुरावा मांडायला लावला. बाजूने : गेल्या वर्षी बोंडअळीने नुकसान झाले. विरुद्ध : ते साऱ्या शिवाराचे झाले होते, बाया दुसऱ्या दिवशी येणार असे निरोपात होते, तूर उभी होती, आणि लोक तसे म्हणाल्याचे मी प्रत्यक्षात एकदाही ऐकले नव्हते. मग नवा विचार लिहिला : "एक दिवस वेचणी लांबली, पाऊस नसेल तर कापूस झाडावर टिकतो." भीती ४० वर आली. अमेरिकेत १९६० च्या दशकात आरन बेक यांनी नैराश्यावर विकसित केलेल्या बोधात्मक वर्तन उपचाराची ही पद्धत आहे, हे मला नंतर कळले. खोलीतला पाऊण तास हा त्या उपचाराचा लहान भाग. आठवडाभर वही लिहिणे हा मोठा. वही कोरी घेऊन गेलेल्या आठवड्यात भेट वाया गेल्यासारखी वाटते, याची कल्पना सुरुवातीपासून असावी.

दुसरा गृहपाठ कामाचा होता. मन होईल तेव्हा वावरात जाईन, असे म्हणायचे नाही. सकाळी ठरल्या वेळी धुऱ्यापर्यंत जायचेच, मन असो वा नसो, आणि परत येऊन नोंद करायची. उत्साह आधी आणि काम नंतर, असा माझा समज होता. प्रत्यक्षात काम आधी सुरू झाले आणि उत्साह बऱ्याच आठवड्यांनी मागून आला. झोपेसाठी उठण्याची वेळ पक्की ठेवण्याचा नियम होता. पण रोही (नीलगाय) आणि रानडुकरांमुळे आमच्याकडे वावरात रात्रीची जागल चुकत नाही. बाईंना हे सांगितल्यावर त्यांनी भावाशी पाळ्या वाटून घ्यायला लावल्या आणि जागलीच्या दुसऱ्या दिवशी दुपारची झोप अर्ध्या तासापुरती ठेवली. चांगल्या समुपदेशकाची ही खूण मी मानतो : उपचार तुमच्या दिवसाला जुळवून घेतला जातो. त्याआधी शहरात एका खासगी ठिकाणी मी पैसे भरून तासभर प्रवचन ऐकले होते, ज्यात माझ्या बोलण्याला जागाच नव्हती. असे आढळल्यास दुसरीकडे जावे, त्यात संकोच करू नये.

समुपदेशनाने न होणाऱ्या गोष्टीही स्पष्ट असाव्यात. त्याने सोसायटीचे कर्ज फिटले नाही, कापसाचा भाव वाढला नाही. फक्त कर्जाचा कागद हातात घेऊन सचिवांकडे जाण्याइतके बळ आले. ज्या दुःखाचे मूळ बाहेर आहे, त्याचा इलाज बाहेरच शोधावा लागतो आणि माझ्या समुपदेशकांनी ते कधी झाकले नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

गैरसोयी पुष्कळ आहेत. खोलीचे दार मध्येच कुणीतरी उघडते. मधल्या काळात बाईंचे कंत्राट संपले आणि नव्या व्यक्तीसमोर वडिलांच्या मृत्यूपासून सारे पुन्हा सांगावे लागले; तो महिना फार वाईट गेला. वही होती म्हणून निदान काम पहिल्यापासून सुरू करावे लागले नाही. पैसे लागले नाहीत, कारण सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. खर्च तो तिकिटाचा आणि बुडालेल्या रोजाचा. सुरुवातीला आठवड्याला जावे लागते, म्हणून शक्य तो डवरणी-वेचणीच्या ऐन गर्दीआधी सुरू करावे.

आता महिन्यातून एकदा जातो. झोप पूर्ववत नाही, पण प्रश्नावलीचे गुण निम्म्याहून खाली आले आहेत. गोळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून चालू आहे. त्रास उलटण्याच्या खुणांची यादी मी, पत्नी आणि समुपदेशक अशा तिघांनी मिळून केली : सलग तीन रात्री झोप न लागणे, जेवण टाळणे, फोन न उचलणे. यांतली कोणतीही दिसली की पुढच्या तारखेची वाट न पाहता पत्नी मला घेऊन जाणार आहे. रात्री-अपरात्री गरज पडली तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीतून बोलता येते. तो आम्ही दोघांच्याही मोबाइलमध्ये साठवून ठेवला आहे.